उजव्या नळीतले दाणे

बाबांनी मला शेवटचा फोन केला तो कोरफडीसाठी.

"तुझ्या आईनं कोरफडीची कुंडी का बदलली असेल गं?" त्यांनी विचारलं. मी एका पुस्तकाची प्रूफं तपासत होते आणि पान संपत आलं होतं. "आईलाच विचारा ना," मी म्हणाले. "नको," ते म्हणाले, "सांगेल ती." मग हवेबद्दल दोन वाक्यं झाली आणि फोन ठेवला. पुढच्याच आठवड्यात एका सकाळी बुटाची नाडी बांधायला ते वाकले, ते तसेच राहिले.

गेलेल्या माणसाचं शेवटचं बोलणं काहीतरी भारदस्त असावं, अशी आपली उगीच अपेक्षा असते. माझ्या वाट्याला कोरफड आली. घरी आल्यावर मी ती पाहिलीही. गॅलरीच्या कोपऱ्यात, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, परक्या घरी उतरलेल्या पाहुण्यासारखी अंग चोरून उभी होती.

बाबा शहराच्या सांडपाणी केंद्रात प्रयोगशाळा सांभाळायचे. त्यांचं सामान न्यायला या, असा तिथून निरोप आला आणि मी गेले. आत शिरताच येणारा वास थोड्या वेळाने जातो असं बाबा सांगत. वास जात नाही, नाक हार मानतं. तिथल्या तरुण इंजिनिअरबाईने बाबांच्या कपाटातलं सामान भरलेला एक खोका माझ्यापुढे ठेवला. त्यात वाचायचा चष्मा होता, कान तुटलेला मग होता, कोपरावर जळलेला स्वेटर होता, आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक कोरी करकरीत मातीची कुंडी.

"सरांची बाग होती का हो ताई?" तिने विचारलं.

"बाग कसली. एक कोरफड आहे."

"तिच्यासाठी असेल मग," ती म्हणाली आणि मीही मान हलवली. त्यात विचार करण्यासारखं काही दिसलं नाही.

खोका उचलून मी निघणार, एवढ्यात ती म्हणाली, "घाईत नसाल तर एक दाखवू? मला विचारायचंही आहे काहीतरी."

प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत भिंतीला लागून दोन पारदर्शक नळ्या उभ्या होत्या, माणसाच्या डोक्यावर हातभर जातील एवढ्या उंच. दोन्हींत खालून हवा सोडलेली होती आणि तपकिरी पाणी उकळल्यासारखं खदखदत होतं. डाव्या नळीत नुसता गढूळपणा होता. उजवीत मात्र काहीतरी बारीक बारीक वरखाली फिरत होतं.

तिने उजवीची हवा बंद केली. बुडबुडे थांबले आणि ते बारीक काहीतरी एकदम खाली आलं, घंटा झाल्यावर पोरं वर्गात बसावीत तसं. तळाशी मोहरीएवढ्या पिवळट दाण्यांचा थर जमला आणि वरचं पाणी स्वच्छ झालं.

"हे दाणे म्हणजे नुसते जिवाणू आहेत," ती म्हणाली. "बाहेरच्या मोठ्या टाक्यांत हेच जिवाणू घाण खातात, पण तिथे ते विस्कटलेले असतात. असा भुसभुशीत गाळ खाली बसायला फार वेळ घेतो, म्हणून टाक्या प्रचंड लागतात. तेच एकमेकांना चिकटून दाणे झाले की झटकन बसतात. तेवढ्याच जागेत कितीतरी जास्त पाणी साफ करता येतं."

"मग सगळीकडे दाणेच का नाही करत?"

"होत नाहीत ना पटकन. आपणहून व्हायला महिनेच्या महिने जातात. म्हणून त्यांना धरायला काहीतरी द्यायचं. बारीक पण जड, खरखरीत. कॅरिअर म्हणतो आम्ही त्याला."

दारात एक वयस्क गृहस्थ फडक्याला हात पुसत उभे होते. सगळे पंप त्यांच्या ताब्यात, म्हणून त्यांना पंपकाका म्हणत. बाबांच्या बोलण्यातून मी त्यांना लहानपणापासून ओळखत होते. "लग्नात कसं असतं पोरी," ते म्हणाले, "नाचायला कुणी उतरत नाही. एक जण उतरला की बाकीचे येतात. तो पहिला उतरणारा म्हणजे कॅरिअर. मग गर्दीत तो दिसतसुद्धा नाही."

पुढचं इंजिनिअरबाईने सांगितलं. बाबांनी भाजलेल्या मातीच्या तयार पुडीचं एक पोतं मागवलं होतं. इथली वाळवणाची भट्टी बिघडलेली आणि आवार दमट, म्हणून ते पूड घरी नेऊन धुवायचे, गॅलरीत वाळवायचे, चाळायचे आणि बरणीत भरून आणायचे. पहिली बरणी डाव्या नळीत गेली. नळीची हवा मध्ये मध्ये थोडाच वेळ बंद ठेवतात आणि लगेच वरचं पाणी सोडून देतात. तेवढ्यात जो कण बसला तो राहिला, तरंगला तो वाहून गेला. डाव्या नळीतलं सगळंच वाहून गेलं. दुसरी बरणी उजव्या नळीत गेली आणि दाणे धरले.

"पोतं तेच?" मी विचारलं.

"तेच. सर रोज इथे उभे राहायचे आणि स्वतःशीच म्हणायचे, पोतं तेच, पाणी तेच, हात तोच. मग कसं काय?" तिने हवा पुन्हा सुरू केली. "महिनाअखेर वरचे लोक बघायला येणार आहेत. ते एकच म्हणणार, पुन्हा करून दाखवा. मी डावी नळी त्याच पोत्यातल्या पुडीनं परत सुरू केलीय, सर करायचे तस्संच. पण काही राहत नाही. डावी जमली नाही तर दोन्ही नळ्या रिकाम्या करून खोली मोकळी करायची, असं सांगून ठेवलंय. सर घरी काही वेगळं करायचे का हो? काहीही आठवलं तरी सांगा."

मला काय आठवणार? मी दुसऱ्या शहरात राहते आणि इतरांच्या पुस्तकांतल्या चुका दुरुस्त करते. पण बाबांनी सुरू केलेलं काहीतरी त्या नळीत अजून चालू होतं आणि ते ओतून देणार होते. तेवढं सोडून मला दुसरं काही कळलं नाही. मी घरी आले, खोका पलंगाखाली सरकवला आणि रजा वाढवून घेतली.

घरी आत्या आलेली होती. बाबांची ही थोरली बहीण. आईला सोबत म्हणून आलेली, आणि आल्यापासून आईच्या स्वयंपाकघराची तपासणी चाललेली.

"हा मिक्सर आहे की खुळखुळा?" ती विचारत होती. "गरगर नुसता फिरतोय, वाटत काही नाही. वहिनी, तुझ्या मिक्सरचे दात पडलेत."

"वय झालं त्याचं," आई म्हणाली.

"अगं, मागच्या खेपेला मी आले तेव्हा मेला बोट कापत होता!"

मी आईला विचारलं, बाबा पुडीला काय काय करायचे. तिने माझ्याकडे न बघताच सांगितलं, "धुवायचे, वाळवायचे, चाळायचे. सगळी गॅलरी लाल. आणखी मला काय ठाऊक? मी काय त्या नळीत उतरले होते?" आणि पाण्याचा तांब्या घेऊन ती कोरफडीकडे गेली. कोरफडीला तिने सकाळीच पाणी घातलं होतं.

"चाळण माझ्या भावाची नव्हे हं," आत्याने माहिती पुरवली. "पिठाची चाळण पळवायचा तो. पीठसुद्धा झटकायचा नाही आधी. तुझी आई अशी करवादायची!"

मी ते जसंच्या तसं इंजिनिअरबाईला फोनवर सांगितलं. चाळणीचं तिने मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग ती जवळजवळ ओरडली, "ताई, पीठ!"

आता हसू येतं, पण तेव्हा आम्हां दोघींनाही ते अगदी पटलं होतं. पिठाने चिकटपणा आला असेल. जिवाणूंना सुरुवातीला खाऊ मिळाला असेल. मी तर एका दुपारी ग्रंथालयात बसून स्टार्चवर वाचूनही आले. तिने डाव्या नळीत पूड घातली, वर चमचाभर पीठ घातलं, आणि जरा हात सैल सोडून आणखी थोडं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तेव्हा खोलीभर फेस झाला होता. नळीच्या तोंडातून तो अजूनही शांतपणे बाहेर येत होता. पंपकाका पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पुसत होते.

"साहेबांनी दाणे केले, तुम्ही दोघींनी पीठ केलंत," ते म्हणाले. "गिरणी उलटी चालवलीत की हो."

इंजिनिअरबाई हसली नाही. फेस ओसरल्यावर डाव्या नळीत उरलेलं पाणी तिने मला दाखवलं. त्यात बसण्यासारखं काही उरलंच नव्हतं. "अजून एकदाच करता येईल," ती म्हणाली. "त्यानंतर दिवसच नाहीत."

दुपारी जेवताना मी फेसाची गोष्ट सांगितली. आत्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. आईही हसली, पण अर्धवट. मग मी बोलता बोलता म्हणाले, "बाबा बिचारे शेवटपर्यंत त्या नळीसमोर उभे राहून म्हणत होते, मग कसं काय?"

आईचा हात थांबला. "रोज म्हणायचे?"

"रोज, असं ती म्हणाली."

आई उठली आणि धुऊन पालथे घातलेले कप पुन्हा धुवायला लागली. आत्याने माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या. मला कशाचाच अर्थ लागेना. दुःख माणसाला विचित्र करतं, हे मी इतक्या ठिकाणी वाचलं होतं की मी त्यावरच भागवलं.

संध्याकाळी आत्या पाय मोकळे करायला बाहेर पडली. तिच्या चपलांचा आवाज जिन्यावरून पुरता खाली जाईपर्यंत आई थांबली. मग गॅलरीतून तिने हाक मारली.

"ती दुसरी बरणी माझी आहे," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे पूड माझी. त्यांची नव्हे." ती कोरफडीकडे बघत बोलत होती. "हे दुपारचे झोपले होते. मी ओटा पुसत होते आणि बरणीला कोपर लागलं. सगळी पूड मोरीत. नळ चालू. किती दिवस वाळवली होती त्यांनी! ढग आला की धावत जाऊन आत आणायचे. तान्ह्या पोराची दुपटी जेवढ्या लगबगीनं काढली नव्हती कधी, तेवढ्या लगबगीनं."

"मग?"

"मग काय. ही समोरच बसली होती." तिने हनुवटीने कोरफड दाखवली. "कुंडीचा रंग तोच. म्हटलं, माती ती माती. भाजलेली ती भाजलेली. हिला डब्यात बसवलं आणि कुंडी फडक्यात गुंडाळून बत्त्यानं फोडली. मग मिक्सरला लावली."

"मिक्सरला!"

"हळू. आवाजानं हे उठले तर, म्हणून मिक्सरवर उशी धरली होती मी."

मला हसू आलं आणि ते तिला दिसलं. तिचा चेहरा जरा सैल झाला, मग पुन्हा आवळला.

"सांगणारच होते. पण दाणे झाले म्हणून हे इतके आनंदात घरी आले, मला धरून गोल फिरवलं या वयात. तेव्हा कसं सांगणार, की अहो, तुमची पूड मोरीत गेली, हा आनंद माझ्या कुंडीचा आहे? म्हटलं, उद्या सांगू. मग ते कोड्यात पडले. जेवताना पोतं, झोपताना पोतं. जितके कोड्यात पडले तितकं सांगणं अवघड झालं." तिने कोरफडीचं एक वाळकं टोक खुडलं. "तसेच गेले गं. मी त्यांना तसंच जाऊ दिलं. की कळलं असेल त्यांना? तुला काय वाटतं?"

तेव्हा मला तो फोन आठवला. आठवला म्हणजे काय, तो मी विसरले नव्हतेच, फक्त तो कुठे ठेवायचा ते कळलं नव्हतं.

सांगावं की नाही, मला ठरवता येईना. बाबांना समजलं होतं असं धरलं तर ते रोज नळीपुढे उभे राहून कसं काय, कसं काय म्हणत होते ते कशासाठी? आणि समजलं असूनही आईच्या सांगण्याची वाट पाहत गेले असतील, तर आईला ते कळण्यापेक्षा हे न कळणं बरं. किंवा त्यांना खरंच फक्त कोरफडीचं विचारायचं असेल. त्यांना अशा गोष्टी विचारायची सवय होती. मी आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि शब्दाला शब्द सांगून टाकलं. माझं त्यात काही घातलं नाही.

"'सांगेल ती', असं म्हणाले?"

"हो."

"मग विचारायचं नाही का सरळ, मेल्यानं!" आई ताडकन म्हणाली.

खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं. ती वाजायची थांबेपर्यंत आम्ही दोघी तशाच उभ्या होतो.

मग मी आत गेले आणि पलंगाखालचा खोका ओढून ती कुंडी आणली. आईने वर्तमानपत्र सोडलं. कुंडी हातात फिरवली, बोटाच्या पेराने वाजवली आणि कान देऊन ऐकलं.

"ही कुठं मिळाली?"

"बाबांच्या कपाटात. तिथल्या."

"त्याच दुकानातली आहे. फुटली तीच जात." तिने काठावरून अंगठा फिरवला. "हिच्यासाठी आणली असेल. डबा बघून रोज म्हणायचे, तिला घर दे आधी."

"असेल."

"पण मग घरी आणली असती ना? तिथं कपाटात कशाला ठेवतील?"

"विसरले असतील."

"ते विसरायचे का?"

"चष्मा विसरायचे."

"चष्मा डोक्यावर असायचा. ते काही विसरणं नव्हे," आई म्हणाली, आणि कुंडी पुन्हा गुंडाळून ठेवली.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर केंद्रावर आली. आयुष्यात पहिल्यांदाच. फाटकात तिने नाकाला पदर लावला, पुढच्या वळणावर काढला. पंपकाकांनी "या वहिनी" म्हणून खुर्ची पुसून दिली, पण ती बसली नाही. उजव्या नळीसमोर जाऊन उभी राहिली आणि फिरणारे दाणे पाहत राहिली.

"हेच का?" तिने विचारलं.

"हेच काकू," इंजिनिअरबाई म्हणाली.

मग आईने सगळं सांगितलं, उशीसकट. इंजिनिअरबाई आधी खुर्चीवर बसली, मग उठली, मग प्रश्नांची सरबत्ती सुरू केली. चाळण कुठली? धुतली होती का? मिक्सरमध्ये किती वेळ फिरवली, काकू?

"पातं बोथट होईपर्यंत," आई म्हणाली.

पंपकाका खोलीबाहेर गेले आणि बाहेर त्यांचा हसण्याचा आवाज आला.

"पोत्यातली पूड फार बारीक आणि गुळगुळीत असेल बहुतेक," इंजिनिअरबाई म्हणाली. "चिकटायच्या आधीच वाहून जाते. तुमची भरड, खडबडीत. म्हणून राहिली असेल. नक्की नाही सांगता येत. पण तशीच कुंडी मिळाली ना..." आणि तिची नजर माझ्या हातातल्या कुंडीच्या पुडक्यावर गेली. ते तिनेच मला दिलं होतं. "सरांनी ही..."

"माहीत नाही," मी म्हणाले.

"बाजारातून दुसरी आणता येईल," ती घाईने म्हणाली. "आजच आणता येईल. ही राहू दे तुम्हांला."

"येईल," आई म्हणाली. "पण यांनी ही इथं ठेवली होती."

तिने पुडकं माझ्याकडून घेतलं. ही फोडायची म्हणजे बाबांना सगळं ठाऊक होतं असं मानायचं. घरी नेऊन कोरफड लावायची म्हणजे काहीच ठाऊक नव्हतं. मला तरी तेव्हा तसं वाटलं, आणि दोन्हींतलं काय व्हावं ते मला सांगता आलं नसतं. आईने पंपकाकांकडे हातोडी मागितली. ते द्यायला का कू करत होते. "मी फोडतो वहिनी," म्हणाले. तिने हात पुढेच ठेवला.

जमिनीवर वर्तमानपत्र पसरून ती बसली. दाणकन घाव घातला नाही. कुंडीच्या कमरेवर बेताने, गोल फिरवत फिरवत टकटक करत राहिली. एक बारीक तडा गेला आणि कुंडीभोवती फिरून आला. वरचा अर्धा भाग चार-पाच खापऱ्या होऊन गळून पडला. खालचा अर्धा सबंध राहिला, उथळ परळासारखा.

"एवढं पुरेल?" तिने वर बघून विचारलं.

"पुरेल काकू."

"मग हे मी नेते," आई म्हणाली आणि खालचा भाग कागदात बांधला. "हिची मुळं काही खोल नसतात."

निघताना इंजिनिअरबाईने विचारलं, "वरचे लोक विचारतील, पूड कुठली. काय सांगू?"

"घरची म्हणा," आई म्हणाली.

खापऱ्या घरी आणून त्याच मिक्सरमधून काढल्या. या वेळी उशी नव्हती, आणि आत्याने स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून पाहिलं. सगळं ऐकून झाल्यावर तिने मिक्सरच्या भांड्यात डोकावून पातं पाहिलं. मग म्हणाली, "त्याला लहानपणापासून सगळं आधी कळायचं आणि तोंडातून शब्द काढायचा नाही." जरा वेळाने पुन्हा म्हणाली, "की तसं दाखवायचा नुसता, देव जाणे."

महिनाअखेर डाव्या नळीत तिळाएवढे दाणे दिसायला लागले. उजवीइतके नाहीत, अगदी विरळ. वरचे लोक आले, हवा बंद करून खाली बसणारं ते थोडंसं पाहिलं आणि आणखी काही महिने चालू ठेवा म्हणाले. उजवी नळी कुणी ओतली नाही. फोनवर इंजिनिअरबाईच्या आवाजात दम लागल्यासारखा आनंद होता. तिने काही दाणे कापून भिंगाखाली पाहिले होते. काहींच्या पोटात लाल कण सापडला. काहींच्या पोटात काहीच नव्हतं.

मी ते आईला सांगितलं तेव्हा ती कोरफडीभोवतीची माती बोटांनी दाबत होती. कोरफड त्या उथळ अर्ध्या कुंडीत जरा तिरकी बसली होती.

"ज्यांच्या पोटात काही नाही, ते कशाला धरून बसले?"

"तिलाही नाही कळलं."

आईने हात झटकले. "कसं काय?" ती म्हणाली, आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मला ठाऊक असेल.